पट्ट्याखालचा श्वास

शुक्रवारच्या यादीत सातवं नाव होतं ह्यॉन गुमसिल. वय चौऱ्याहत्तर, कंबरदुखी, दोन वर्षं. मी ते तीनदा वाचलं. मग तोंडावरचा मास्क नीट केला आणि सहाव्या पेशंटला आत बोलावलं, कारण सहावा पेशंट बिचारा काही माझा वैरी नव्हता.

या बाईवर मी सव्वीस वर्षं दात धरून होते. जॉनजू काही कोरियातलं फार मोठं शहर नाही. पान्सोरी, म्हणजे ढोलाच्या साथीनं गायची लांबलचक कथा, गाणाऱ्या बायका जन्मभर जमिनीवर बसून शिकवतात आणि तासन्‌तास उभ्यानं गातात, त्यामुळे त्यांच्या कमरा धरतातच. आज ना उद्या ही माझ्या टेबलावर आडवी होणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी फक्त हे हॉस्पिटल सोडलं नाही. दोनदा सोलहून बोलावणं आलं, दोनदा नाही म्हटलं. नवऱ्याला वाटलं, मला सासूबाईंचा लळा आहे.

माझं काम म्हणजे कंबर दुखणाऱ्या माणसाचा श्वास सोनोग्राफीवर बघायचा. येणारा प्रत्येक जण आधी हसतो. "अहो, दुखतंय मागं, तुम्ही पुढं फासळ्यांखाली काय शोधताय?" मग मी सांगते, छाती आणि पोटाच्या मधे स्नायूचा एक पडदा असतो, श्वासपटल. श्वास तोच ओढतो आणि आतून कमरेला आधारही तोच देतो. कंबर दुखायला लागली की माणूस नकळत त्याला आवळून धरतो. मग तो नीट खाली उतरत नाही आणि श्वास तोकडा पडतो. उजव्या फासळीखाली जेल लावून प्रोब टेकवला की स्क्रीनवर एक पांढरी रेघ दिसते. ती श्वासाबरोबर हलते, तिची लाट उमटते आणि त्या लाटेची उंची मी मोजते. धडधाकट बाईचा खोल श्वास पाच-सहा सेंटिमीटर भरतो. माझ्या पेशंटांचा तीन, कधी अडीच.

या विषयातच मी का शिरले, याला एक उन्हाळा कारण आहे.

तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि गुमसिलबाईंची शिष्या होते. दर उन्हाळ्यात त्या आम्हाला चिरी डोंगरात घेऊन जात. धबधब्यापाशी दोन खोल्या आणि पहाटेपासून गाणं. पाण्याच्या आवाजावर आपला आवाज चढेपर्यंत जेवायला मिळत नसे. मी सगळ्यांत गरीब घरची, म्हणून पाणी, लाकडं, सामान माझ्याकडे. पहाटे बाईंच्या कमरेला सुती पट्टा बांधायचं कामही माझंच, आणि त्या गायला उभ्या राहिल्या की तो सोडायचंही. पट्टा सोडल्याशिवाय पहिला श्वास घ्यायचा नाही, हा त्यांच्या घरचा पहिला धडा. तिसऱ्या आठवड्यात सोयाबीनच्या आंबवणाचा रांजण पाठीवर घेऊन चढताना माझा पाय घसरला. रांजण मी फुटू दिला नाही. कमरेत मात्र अशी उसण भरली की रात्री कूस वळवता येईना.

पुढचे अठरा दिवस मला एक ओळ एका दमात गाता आली नाही. मी सांगितलं, कंबर दुखतेय. अठराव्या दिवशी बाईंनी सगळ्यांसमोर माझ्या पोटावर मूठ टेकवली. "ओढ श्वास." मी ओढला. "याला पोट म्हणायचं? चाळणी आहे चाळणी! श्वासच नाही यात. म्हणे कंबर दुखतेय. तुझी नियत दुखतेय." मी पुन्हा गायला लागले. आमच्यात गाणारी दम घ्यायला थांबली की ऐकणारे "ऑल्सीगू!" म्हणून तिला उचलून धरतात. त्या दिवशी बाईंनी ढोलाची काठी वर केली आणि पोरींना गप्प बसवलं. मी थांबायचे, आणि कुणी काही म्हणायचं नाही. फक्त धबधबा. असं अकरा वेळा झालं, मी मोजलंय. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बसमधे बसवून दिलं. शरदातल्या स्पर्धेत माझ्या जागी त्यांची भाची सोरा गायली, जिंकली, आणि त्या जोरावर विद्यापीठात गेली. त्यानंतर मी गायले नाही. पोटच्या पोरीला अंगाईसुद्धा मोबाइलवर लावून दिली.

तर, सातवं नाव.

बाई आत आल्या त्या ताठ. कंबर दुखत असूनही ताठ, कारण तोऱ्याला कंबर लागत नाही. मागून सोरा. तिला मी पाहताक्षणी ओळखलं. मास्कमुळे तिनं मला ओळखलं नाही.

"या आजी, झोपा इथं," मी म्हणाले.

सोराचा चेहरा बदलला. "आजी काय म्हणता? सन्सेंगनिम म्हणा. अख्खं शहर ओळखतं यांना."

"इथं सन्सेंगनिम आम्हाला म्हणतात," मी म्हणाले. ते खरंच आहे. आमच्याकडे गाणं शिकवणाऱ्याला ज्या मानानं हाक मारतात, त्याच मानानं पेशंट आम्हालाही मारतात. "पेशंट आजी असतात, नाहीतर आजोबा."

बाई हसल्या. "बरोबर बोलतेय पोरगी. सोरा, बस गप. आणि तू गं, लवकर उरक. दुपारी शिष्या येतात माझ्या."

सोरानं पिशवीतून एक पत्र काढलं. "पुढच्या महिन्याच्या उत्सवात यांचं शेवटचं अख्खं गाणं आहे. पाच तास, एकट्या, उभ्यानं. गेल्या वर्षी एक आजोबा स्टेजवरच..."

"प्यायला होता मेला," बाई म्हणाल्या.

"...पडले, म्हणून समितीला आता हॉस्पिटलचा कागद हवाय. तोही आजच. श्वास पुरेल असं लिहून आलं तर गाणं, नाहीतर नाही."

"असं होय," मी म्हणाले. हातमोजे मी पहिल्याच झटक्यात नीट चढवले. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

बाईंनी अंगरखा बाजूला केला. आत पट्टा होता. तोच पांढरा सुती पट्टा, फासळ्यांच्या खालून कमरेपर्यंत करकचून आवळलेला, आणि बाजूला मी पहाटे बांधायचे तीच दुहेरी गाठ. समोरच्या भिंतीवर माझ्याच हाताचा कागद चिकटवलेला आहे. म्हाताऱ्यांना दिसावा म्हणून अक्षरं बोटभर मोठी काढली आहेत. तिसऱ्या ओळीत लिहिलंय: कंबरपट्टा, ब्रेस, घट्ट कपडे काढून ठेवा. पट्टा असला की पोट फुगत नाही, श्वासपटलाला उतरायला जागाच राहत नाही. हे मी दिवसातून वीसदा सांगते. नवीन पोरापोरींना तर यावरून ओरडते.

"पट्टा सोडू?" बाईंनी विचारलं.

"राहू दे, आजी. त्यानं काही अडत नाही."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या, मग भिंतीकडे. सोरानंही मान वर करून भिंतीकडे पाहिलं आणि पुन्हा मोबाइलमधे खुपसली. मी प्रोब टेकवला.

साधा श्वास, एक पूर्णांक एक. खोल श्वास, दोन पूर्णांक एक. नियमाप्रमाणे तीनदा घेतला. "ओढा. अजून ओढा. एवढाच? पाच तास गाणार ना?" बाईंच्या कपाळावर घाम आला. गळ्याच्या शिरा तटतटल्या, खांदे वर गेले, आणि ती पांढरी रेघ काही हलायला तयार नव्हती. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला.

"बघा. ही रेघ म्हणजे तुमचा श्वास. हलतेय का? याला पोट म्हणायचं? चाळणी आहे चाळणी. श्वासच नाही यात."

आणि मी मास्क काढला.

"मिरान?" सोराच्या तोंडून निघालं. "बांग मिरान?"

बाईंना आश्चर्य वाटलं नसावं, किंवा त्यांनी दाखवलं नाही. त्या स्क्रीनकडेच बघत होत्या. "कंबर दुखली की श्वास खरंच तोकडा पडतो?"

"पडतो."

"कधीपासून? वर्षं जावी लागतात?"

"पहिल्या दिवसापासून."

"तो रांजण..."

"फुटू दिला नव्हता मी."

त्यांनी अंगरख्याची नाडी बांधायला घेतली. फार वेळ लावला. उठताना सोरानं हात पुढं केला, तो घेतला नाही. दाराशी जाऊन वळल्या आणि आमच्याकडे वडीलधाऱ्यापुढं वाकतात तशा, दुखऱ्या कमरेतून, माझ्यापुढं वाकल्या. "लिहा, सन्सेंगनिम. जे दिसलं ते लिहा."

त्यांच्या तोंडून ते संबोधन मला गोड लागलं. खोटं कशाला बोलू, फार गोड लागलं. मी कॅन्टीनमधे गेले, मोड आलेल्या सोयाबीनचा रस्साभात घेतला, वर कच्चं अंडं फोडून घेतलं आणि वाडगा चाटूनपुसून संपवला. इतकी भूक मला कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

वाडगा संपतोय तोच समोर सोरा येऊन बसली. माझ्यापुढं तिनं कॉफीचा गार डबा ठेवला.

"त्यांना टॅक्सीत बसवून आले," ती म्हणाली. "कागद आज मिळेल ना गं?"

"पाचपर्यंत."

"बरं झालं. पोस्टर छापून तयार आहे, फक्त बाहेर लावायचं राहिलंय." तिनं डबा उघडून माझ्याकडे सरकवला. "त्यांच्याऐवजी मी गातेय. समितीशी बोलणं झालंय. चव्वेचाळीस वर्षांची झाले मी, मिरान, अजून पेपरात माझं नाव 'ह्यॉन गुमसिल यांची भाची' असंच येतं. त्या काही आपणहून खुर्ची सोडणाऱ्यातल्या नाहीत."

"दोन वर्षं कंबर दुखतेय त्यांची. तू काय केलंस?"

"पट्टा बांधते की रोज." ती हसली, मग आवाज खाली आणून म्हणाली, "आज जरा आवळूनच बांधला. भिंतीवरचं वाचलं तेव्हा घाबरलेच मी. आता ही काढायला लावणार, म्हटलं. आणि तू म्हणालीस, राहू दे! आवाज कुठंतरी ऐकल्यासारखा वाटतच होता. तुझे उपकार विसरणार नाही मी."

ती माझा खांदा थोपटून गेली. सव्वीस वर्षं धार लावून ठेवलेली सुरी मी आज बाहेर काढली होती, आणि काय केलं होतं? सोराला फळं कापून दिली होती. पहिल्यांदा माझी जागा तिला बाईंनी दिली. दुसऱ्यांदा बाईंची जागा तिला मी देत होते, माझ्या सहीनं. मला इतका संताप आला की तो कॉफीचा डबा मी न पिता बेसिनमधे ओतला.

वर येऊन कॉम्प्युटर उघडला. फॉर्ममधे एक चौकट मीच घालून घेतली होती: पट्टा, ब्रेस काढला होता का? हो किंवा नाही. त्याशिवाय फॉर्म पुढं जात नाही. हो म्हटलं की बाईंचं गाणं संपलं. आमचे डॉक्टर मी लिहीन त्यावर न वाचता सही करतात. मी नाहीवर टिचकी मारली. मशीननं लाल अक्षरांत लिहिलं, मोजमाप रद्द. मग आम्ही गावोगावच्या शिबिरांना नेतो ते हातात मावणारं यंत्र आणि टॅब मी पिशवीत टाकला, पुढच्या दोन पेशंटांना सोमवारची वेळ दिली आणि बाहेर पडले.

बाईंचं घर बदललेलं नव्हतं. तेच लाकडी दार, अंगणात तेच पर्सिमनचं झाड, फक्त जाड झालेलं. बाई ओटीवर एकट्याच बसल्या होत्या. शिष्यांना परत पाठवलं असावं.

"आलीस," त्या म्हणाल्या. "चपला नीट लाव. तुला पहिल्यापासून वळण नाही."

"झोपा," मी म्हणाले. "पुन्हा मोजायचंय. सकाळचं चुकलं."

"चुकलं नाही. तिसरी ओळ. एवढाली अक्षरं काढलीस, मला काय आंधळी समजतेस?"

माझे कान तापले. "मग बोलला का नाहीत?"

"आवाजावरून ओळखलं तुला, दारात पाय टाकल्या टाकल्या. शिकवलेला आवाज मी विसरत नाही." त्यांनी पाय हळूहळू ओटीवर घेतले. "म्हटलं, बघू काय करतेय. मी तुला नीट न बघता घरी पाठवलं होतं. तूही तेच केलंस. तक्रार कोणत्या तोंडानं करू?"

"मी तुमच्यासाठी नाही आले," मी म्हणाले. "सोरा गाऊ नये म्हणून आले."

"माहितेय. पट्टा कुणी आवळला, ते माझ्या फासळ्यांना कळत नाही का?" त्या आडव्या झाल्या. "गाठ सोड. तुझी बोटं चांगली होती त्यात."

मी गाठ सोडली. बोटांनी मला न विचारताच सोडली. पट्ट्याखाली कातडीवर लाल वळ उठले होते, दोन बोटं रुंद. मी जेल चोळला, प्रोब टेकवला. "घ्या श्वास."

पडदा उतरला. उतरतच गेला. बाईंचं पोट गोल वर आलं, खांदे जागचे हलले नाहीत, आणि लाट स्क्रीनच्या वरच्या कडेकडे चढली. एवढी वर्षं मी कंबर दुखणाऱ्यांची हजारो पोटं पाहिली, पण असा श्वास पाहिला नव्हता. त्या कमरेत दोन वर्षांचं दुखणं होतं आणि तरीही. सतरा वर्षांची असताना मी या श्वासासाठी जीव दिला असता. माझी जीभ टाळूला लागली, एक शब्द तोंडाशी आला. मी दात आवळून तो गिळला.

"किती?"

"चार पूर्णांक सहा. तिन्ही वेळा."

"पुरेल?"

"पुरेल. मधे दोनदा बसायचं. आणि हा पट्टा पुन्हा सोराच्या हातात द्यायचा नाही. कागद पाचच्या आत समितीला जाईल." मी टॅबवर आकडा भरला आणि चौकटीत हो म्हटलं. या वेळी ते खरं होतं. "मी येणार आहे गाण्याला. पहिल्या रांगेत बसेन. पाच तासांत तुम्ही शंभर वेळा दम घ्याल, मी एकदाही ऑल्सीगू म्हणणार नाही."

"नको म्हणूस," बाई म्हणाल्या. "तुला हक्क आहे."

मला भांडण हवं होतं. हे नको होतं. मी जेल पुसला, तोही नीट पुसला नाही. बाई उठून बसल्या, आणि माझ्या हातातला प्रोब त्यांनी काढून घेतला. उलटसुलट करून बघितला, मग अंदाज घेतल्यासारखा माझ्या कोटावरून, पोटाजवळ धरला. सव्वीस वर्षांपूर्वी जिथं मूठ टेकवली होती, बरोबर तिथं.

"मिरान," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. "हे यंत्र तेव्हा असतं, आणि तुझी कंबर बरी असती, तर तुझा किती भरला असता गं?"

त्यांना तो आकडा हवा होता. चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, भीक मागितल्यासारखा हवा होता. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. पण आपण नक्की काय फेकून दिलं, तेवढं तरी कळावं, अशी तळमळ होती. आणि सकाळपासून मी जे शोधत होते, ते मला त्या क्षणी सापडलं. त्यासाठी खोटंही बोलायची गरज नव्हती.

"ते आता कळायची सोय नाही, सन्सेंगनिम," मी म्हणाले. "मलाही नाही आणि तुम्हालाही. मरेपर्यंत नाही."

मी प्रोब त्यांच्या हातातून घेऊन पिशवीत ठेवला, टॅबवरच्या फॉर्मवर सही केली. यंत्र बंद होतं, तरी मला दिसलं. त्यांचा श्वास अर्ध्यात अडकला होता, आणि मी चपला घालून दाराबाहेर पडेपर्यंत तो तिथंच होता.